दुबळ्या हाताची फेरी

अ‍ॅडलेड,
१९ ऑगस्ट १९८६

प्रिय चित्रू,

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी कितीतरी वेळ रिसीव्हर हातात घेऊन बसलो होतो. आईला आता जेमतेम चार-सहा आठवडे आहेत असं डॉक्टर म्हणतात, ते तुला सांगितलं. तू म्हणालीस, डार्विनला स्टाफ कमी आहे, रजा मिळणार नाही. मग इंग्रजीत म्हणालीस की तिच्याशी बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. चिडून म्हणाली असतीस तर बरं वाटलं असतं. फोनवर मला धड बोलता येत नाही आणि तुला तो मध्येच ठेवता येतो, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर शेवटापर्यंत वाचून मग फाड.

आई दिवसाला दोन चमचे मऊ भात खाते. हॉस्पिटलवाले रोज हिरवी जेली देतात, ती बघून म्हणते, हे खाण्यापेक्षा उपास बरा. शेजारच्या खाटेवरची ऑस्ट्रेलियन म्हातारी तिला लव्ह म्हणते, आणि आपली आई, जिला मी अठ्ठावीस वर्षांत असं काही म्हटलं नाही, ती चक्क लाजते. डार्विनला उकाडा सुरू झाला का, हे मला रोज विचारते. तू येणार का, हे मात्र एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर निदान खोटं तरी बोललो असतो.

घरी एकटा असलो की सारखं त्या लेसचं बंदुकांचं दुकान आठवतं. एक्याऐंशी साल. तू एकवीस वर्षांची, युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं आपण क्लबच्या पॉइंट टूटू पिस्तुलाने एका जागी उभं राहून कागदाला भोकं पाडत होतो. मग ते प्रॅक्टिकल शूटिंगचं वेड आलं. धावायचं, आडोशामागून नेम धरायचा, चालता चालता मॅगझिन बदलायचं, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा तू शनिवार चुकवला नाहीस. खरं सांगू का, मला त्या खेळाचं एवढं काही नव्हतं. घरात तू सगळी आईची. तुमची कुजबुज, तुमचं हसणं, मी आलो की गप्प. शनिवारी मात्र गाडीत तू तासभर माझ्याशी बोलायचीस. माझ्या वाट्याला तू तेवढीच यायचीस.

तुझं स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरलं, तेव्हा मी काय केलं? ग्राफ पेपर काढला. आई म्हणायची, हे ग्राफ काढल्याशिवाय मेथीची जुडीसुद्धा घेणार नाहीत. रिव्हॉल्व्हर बिघडत नाही, पण गोळ्या सहाच आणि भरायला वेळ. नाइन एमएमला तेरा गोळ्या, धक्का कमी, पण हलकी गोळी मधोमध लागली नाही तर गुण कमी. फोर्टीफाइव्हला सातच गोळ्या, धक्का दणदणीत, पण गोळी जरा कडेला गेली तरी गुण बऱ्यापैकी पदरात. वजन, ट्रिगर, मुठीची जाडी, सगळ्याचे रकाने आखून मी सिद्ध करून टाकलं की फोर्टीफाइव्हच घ्यायचं. तुला विचारलंसुद्धा नाही.

लेसने त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. रिकामं पिस्तूल काउंटरवर ठेवलं, तुला डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, उचल, भिंतीवरच्या घड्याळावर रोख, आता उघड डोळे. तू डाव्या हाताने उचललंस. नेम अगदी काट्यांवर. लेस हसला. म्हणाला, ही तर डावरी आहे, नो वरीज, सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना बसवून देतो, नाहीतर डाव्या अंगठ्याला तो पोचायचा नाही. तू तोंड उघडायच्या आत मी ठणकावून सांगितलं की ती उजवी आहे, गडबडीत चुकली. पिस्तूल तुझ्या डाव्या हातातून काढलं आणि उजव्या हातात दिलं. एकाच बाजूचा खटका, उजव्या कमरेचा होल्स्टर, अर्ध्या तासात आपण दुकानाबाहेर.

वर्षभर तू त्या पिस्तुलाशी झुंजलीस. मी तुझं मनगट दुरुस्त करायचो, खांदा दुरुस्त करायचो, तुझं उभं राहणं दुरुस्त करायचो. लेस एकदा म्हणाला, मेट, पोरीचा नेमाचा डोळा डावा आहे. मी त्यालाच शिकवायला लागलो. आपलंच घोडं पुढे दामटायचं, ही माझी सवय तुला काय सांगायची.

मग ब्याऐंशीच्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या टीमची निवड. चार फेऱ्या झाल्या, तू मागे होतीस. पाचवी पुकारली, वीक हँड ओन्ली, फक्त दुबळ्या हाताने. भलेभले कुरकुरायला लागले. तू पिस्तूल डाव्या हातात घेतलंस आणि सहाच्या सहा गोळ्या मधोमध, त्या दिवशीच्या कुणाहीपेक्षा कमी वेळात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू हसली नाहीस, नुसती आपल्या हाताकडे बघत राहिलीस. एका फेरीने काय होणार, टीममध्ये नाव आलं नाही. लेसने तुला बाजूला घेऊन विचारलं, लहानपणी कुणी तुझा हात बदलायला लावला होता का? मी शेजारीच टार्गेटचे कागद गुंडाळत होतो. मी म्हणालो, फ्लूक होता.

गाडीत त्या दिवशी तू एक शब्द बोलली नाहीस. घरी आई थालीपीठं लावत होती. तू बूट न काढता सरळ आत गेलीस आणि विचारलंस, माझा डावा हात कुणी बांधायचं? हात बांधला जायला लागला त्याच वर्षी, चौथ्या वर्षी, तू बोलताना अडखळायला लागलीस ते तेराव्या वर्षापर्यंत. इथल्या शाळेत मुलं तुझी नक्कल करायची, तू डबा घेऊन टॉयलेटमध्ये बसायचीस. ते सगळं तुझ्या त्या आवाजात होतं. आईने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, मी बांधायचे, डाव्या हाताने वाढणारी सून कुणाला चालणार, असं वाटायचं गं. मी दारात उभा होतो. पुढच्या महिन्यात तू डार्विनची नोकरी घेतलीस आणि पिस्तूल लेसला परत केलंस.

चित्रू, ती खोटं बोलली. तुझा हात मी बांधायचो. पुण्यात एका सत्यनारायणाला प्रसादासाठी तू डावा हात पुढे केलास, चारचौघं हसले आणि मला लाज वाटली. एवढंच कारण. रोज ऑफिसला निघताना माझ्या रुमालाने तुझा हात परकराच्या नाडीशी बांधायचो. तू रडायचीस. आई भांडायची, तर तिच्यावर ओरडायचो. त्या दिवशी तू आईला म्हणाली होतीस ना, माझ्या मनगटाजवळ तुझ्या बांगड्या वाजायच्या ते मला आठवतंय? बांगड्या तिच्याच. मी गेलो की ती गाठ सोडायची, दिवसभर तुला डाव्या हाताने चित्रं काढू द्यायची, आणि माझ्या सायकलची घंटा ऐकली की परत बांधायची, मी तुला मारू नये म्हणून. त्या दिवशी तू खोलीत गेल्यावर मी तिला विचारलं, असं का म्हणालीस? ती म्हणाली, तुमच्याजवळ तिचा एवढा शनिवारच आहे, तो तरी राहू दे, आईवरचा राग काय, उतरतो. चार वर्षं झाली, उतरला नाही. मी गप्प बसलो, कारण दर रविवारी तू फोन करायचीस आणि मलाच मागायचीस. तुला हे लिहितोय असं काल तिला सांगितलं, तर म्हणाली, कशाला, आता तुम्ही एकटे राहणार. राहीन मी. मला फोन करू नकोस, पुन्हा कधीच केला नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही. पण तिच्यासाठी ये. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. दुपारी दोन ते चार ती जागी असते. त्या वेळात मी तिथे येणार नाही.

तुझाच,
बाबा