कापलेले सहा मार्क

बाई, आधी निकाल सांगते, कारण गोष्ट ताणत बसलं की तुम्ही खडू टेबलावर आपटायचात. मी जिंकले. आज दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात, अख्ख्या नववीच्या देखत जिंकले, आणि ही बातमी ज्यांना धावत जाऊन सांगावी अशा एकट्या तुम्हीच डोळ्यापुढं आलात. तुम्ही तर कधीच्याच गेलात. म्हणून लिहायला घेतलंय. तुमच्यासारखीच मीही मराठी शिकवते, हर्सूलच्या तलावाच्या पलीकडं. तुमच्या वेळी तिथं बाजरीची रानं होती, आता बघितलंत तर ओळखणार नाही. आधी प्लॉटिंग पडलं, मग चार-चार मजली इमारती उठल्या, आणि त्या बांधायला आलेली माणसं त्यांच्याच पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या करून राहिली. त्यांची पोरं माझ्या वर्गात येतात. यंदाही पावसानं दगा दिलाय. घरोघरी नळ आहेत, नळाला पाणी नाही. टँकर तेवढा तुमच्या वेळचा तसाच आहे.

आता ऑनलाइन फॉर्म म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परीक्षेचे प्रश्न आपण कॉम्प्युटरवर टाकायचे, प्रत्येकाखाली चार पर्याय द्यायचे, बरोबर कुठला ते कॉम्प्युटरला गुपचूप आधीच सांगून ठेवायचं आणि पोरांच्या घरच्या फोनवर पाठवून द्यायचं. पोरं उत्तरावर बोट ठेवतात, मार्क आपोआप पडतात. हो, आपोआप. तुमच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या मला. साठ पोरांचे पेपर तपासून मान मोडून घेणारी मी, मला तर हे लईच आवडलं. दिवाळीनंतरच्या चाचणीला पंचवीस प्रश्न टाकले आणि दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला, तर पंचवीस, पंचवीस, चोवीस, पंचवीस. मी तक्ता खालपर्यंत बघत गेले, सगळीकडं तेच. सगळ्या वर्गात एकाच पोरीला चार. मी शिपाईमावशींना चहा सांगितला आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

खूश कसली, मूर्ख होते. आमच्या वस्तीत घरात एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. ज्या घरात फोन मागं राहतो तिथं अख्खी गल्ली जमते. एकानं भरायचं, बाकीच्यांनी त्याच फोनवर आपापलं नाव घालून तेच भरायचं. त्यांना ती चोरी वाटतच नाही. टँकरचं पाणी जसं मिळून भरतात, तसा त्यांनी माझा पेपर मिळून भरला. चार मार्कवाली पोरगी पैठणकडच्या एका खेड्यातून वर्षाच्या मधेच आलेली, निम्मे धडे तिनं वाचलेलेच नव्हते. तिचा बाप एका इमारतीवर वॉचमन आहे. त्याच्या फोनवर तिनं एकटीनं, जे येतं ते भरलं. म्हणजे वर्गात खरी परीक्षा दिली ती तिनं एकटीनं, आणि नापासही तीच झाली.

हे मला कळेपर्यंत तक्ता हेडसरांच्या टेबलावर पोचला होता. सर वाईट माणूस नाहीत, पण शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते म्हणाले, "मॅडम, वर्ग तुमचा तयार आहे. ही एक पोरगी तेवढी बाजूला काढा. दहावीला तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरू." सतरा नंबर तुम्हाला ठाऊक आहे. पोरीनं घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची, नापास झाली तरी शाळेच्या निकालाला डाग नाही. आणि घरी बसलेली पोरगी परीक्षेपर्यंत माहेरी तरी राहते का? मी म्हटलं, सर, तिला येतं. ते शांतपणे म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतोय? तुमचाच फॉर्म म्हणतोय." वर्गात उभं केलं की ती पोरगी तोंडातून शब्द काढत नाही. पुरावा मीच तयार केला होता आणि तो तिच्याविरुद्ध होता. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि घरी येऊन रडले, रागानं.

मग तुमच्याबरोबरची ती टँकरची रांग आठवली. मी नववीत आहे, आम्हीही दुष्काळातच गाव सोडून शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत आलोय, आणि आदल्या दिवशी तुमच्या पेपरला मी कोरा कागद दिलाय. टँकरच्या रांगेत दोन हंडे घेऊन उभी आहे आणि मागं बघते तर कळशी घेऊन तुम्ही. मी तोंड फिरवून हंडे पुढं सरकवते. पण तुम्ही पेपरचं काढतच नाही. तुम्ही विचारता, "काय गं, ह्या रांगेत भांडण कसं होत नाही? तीन महिने बघतेय, मला काही उलगडत नाही." आणि मी सांगत सुटते. माणसाच्या जागी भांडं उभं राहिलं तरी चालतं, पण भांड्यावर कुणाची तरी नजर असावी लागते. बाळंतिणीच्या घरचा हंडा न विचारता पुढं सरकवायचा. मधे घुसणारीला कुणी शिव्या द्यायच्या नाहीत, तिचा हंडा फक्त सगळ्यात शेवटी भरायचा. टँकर रिकामा झाला तरी मी बोलतेच आहे. संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. तव्यावर भाकरी होती, आणि पाटावर माझाच कोरा कागद, माझं सगळं बोलणं तुमच्या अक्षरात लिहिलेलं. वर पंचवीसपैकी एकोणीस. "सहा कशाचे कापले?" मी विचारलं. तुम्ही भाकरी उलटत म्हणालात, "बोललीस तू, लिहिलं मी. त्याचे सहा. आणि रडू नकोस, ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं तोच मी तुला पेपरात विचारला, चूक माझीही आहे." तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, बाई. घडीवर फाटलाय.

मी नवा फॉर्म केला. पर्याय नाहीत, आधी सांगून ठेवलेलं उत्तर नाही, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. प्रश्न एकच: तुला येणारं आणि मला न येणारं एक काम मला शिकव. लिही, नाहीतर फोनवर बोलून आवाज जोड. खाली लिहिलं, तुझ्या शब्दांवरून मला ते काम जमलं, तर मार्क पूर्ण. आठवडाभरात साठच्या साठ उत्तरं आली आणि एकासारखं दुसरं नाही. गल्लीत एकच फोन असला म्हणून काय झालं, प्रत्येकाच्या हाताला येणारं काम वेगळं होतं. गवंड्याच्या पोरानं भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा कसा सोडायचा ते सांगितलं. एकीनं रडणारं मूल कसं फसवायचं ते. चार मार्कवालीनं पाठवला चार मिनिटांचा आवाज: घागरीखाली डोक्यावर ठेवायची फडक्याची चुंबळ कशी करायची. मी तो तीनदा ऐकला आणि सरळ हेडसरांच्या खोलीत गेले.

"सर, तुम्ही करून बघा," मी म्हटलं. "पाणी सांडलं तर मीच सही करते सतरा नंबरवर." सर हसले. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला आणि म्हणाले, लावा. फोनमधून पोरीचा आवाज आला, वर्गात कधीच न निघालेला, ठणठणीत. "फडकं जुनं घ्या. नवं नगं, नवं सरकतंय. पंजाभोवती सैल गुंडाळा, मग शेवट आत खुपसा. मधी भोक ऱ्हायलं पायजे, नायतर घागर डुलती." सरांची चुंबळ पहिल्या फटक्यात झाली. शिपाईमावशींनी भरलेली कळशी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि दोन पावलांत सरांचा शर्ट भिजला. माझा जीव गेला. पण सर टॉवेल पिळत म्हणाले, "थांबा, परत लावा ते. काहीतरी ऐकायचं राहिलं माझं." परत लावलं. "चालताना खाली बघायचं नाय. पायाला आपली वाट ठावं असती. पानी हललं तर थांबायचं नाय, हळू व्हायचं." सर म्हणाले, "तिनं सांगितलं होतं. मीच खाली बघितलं." पुन्हा भरलेली कळशी डोक्यावर घेतली आणि हेडसर, इस्त्रीचा ओला शर्ट, नजर समोर, व्हरांड्यातून चालत निघाले. वर्गातली पोरं दारात गोळा झाली, कुणी हसलं नाही. शेवटच्या खांबापर्यंत एक थेंब सांडला नाही. तिथं ती पोरगी उभी होती. सरांनी कळशी उतरवून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चांगलं शिकवतेस. दहावीला इथंच बसायचं." ती म्हणाली, "व्हय सर." वर्गासमोर काढलेला तिचा पहिला शब्द.

हे सगळं मी त्याच फॉर्ममधल्या उत्तराच्या चौकटीत लिहितेय. नावाच्या जागी माझं नाव आहे, खाली 'सबमिट' दिसतंय. ते दाबलं तर उत्तर फिरून माझ्याच तक्त्यात येऊन पडेल, म्हणून दाबणार नाही. पण एक कबूल करायचंय. तुमची गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा तुम्ही मला पंचवीसपैकी पंचवीस दिलेत असंच सांगत आलेय. आणि त्या पोरीनं एक ओळ लिहिली नव्हती, नुसती बोलली होती, तुमच्या हिशेबानं तिला एकोणीसच. मी पंचवीस दिले. सहा कापायला माझा हात धजला नाही. तुम्ही रागवाल, रागवा. पण बाई, आजचं हे पहिल्या शब्दापासून मीच लिहिलंय. माझ्या त्या सहा मार्कांचं तेवढं बघा.