एकतीस प्रेमगीतं

मंगळवार, ३ मे १९६६

आमच्या काळ्या मुलांच्या शाळेच्या मैदानात आणखी चार पत्र्याच्या खोल्या आणून टाकणार म्हणे. आधीच्या सहांत मुलं उन्हात भाजतात, थंडीत खोकतात. माझ्या बहिणीची नात डेल्फीन त्यातच बसते. आणि रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांच्या शाळेत अकरा वर्ग रिकामे, कुलूपबंद! बत्तीस वर्षं शिकवलं मी शिकागोत. कुलुपं मोजता येतात मला.

वरच्या मजल्यावरचा ल्यूशस सॅक्सोफोन घेऊन दारात. शनिवारी शाळेच्या फाटकासमोर वाजवून निषेध करणार. "आम्ही मुक्त जॅझ वाजवतो, बाई." वर्षभर ऐकतेच आहे – मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं.

शुक्रवार, ६ मे

रस्त्यावर वाजवायच्या परवान्याच्या अर्जात गाण्यांची नावं हवीत, वेळेसकट. निषेधाचं काही वाजू नये म्हणून.

"नावं सांग."

"नसतात, बाई. वाजायला लागलं की कळतं."

असल्या उत्तराला माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी हातावर पट्टी मोडली असती. अर्ज मीच ओढून घेतला. डेल्फीनच्या, पत्र्याच्या तीन नंबरच्या खोलीतल्या एकतीस मुलांची नावं लिहिली. प्रत्येकी दोन मिनिटं.

सोमवार, ९ मे

कारकून म्हणाला, "कोरा, डेल्फीन, एव्हलीन... प्रेमगीतं का?"

"मग काय."

शिक्का बसला. खोटं बोलले नाही.

शनिवार, १४ मे

पोलीस यादी घेऊन उभा. परवान्याबाहेरचं वाजू नये म्हणून एकेक नाव मोठ्यानं वाचायचा, खूण करायचा. पोरं सवयीनं "हजर" म्हणायला लागली! नाव येईल ते मूल पुढे, आणि ल्यूशसची मंडळी त्याच्याकडे बघून वाजवणार. ओटिस लंगडतो, त्याचं पाऊल ड्रमवर आलं तसा नाचायलाच लागला.

डेल्फीनच्या वेळी सॅक्सोफोन खोकला. कोरडा, थांबून थांबून. लोक हसले, मग हसेनासे झाले. त्या खोकल्यातूनच ल्यूशसनं सूर असा वर नेला की ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही मीच."

ओटिसची आई म्हणाली, "आता सोमवारी कुठल्या तोंडानं याला त्या पत्र्यात धाडू?" बाकीच्या आया तिच्याभोवती गोळा झाल्या.

मी टाळ्या वाजवून हात लाल केले.

"आवडलं तर, बाई?"

"वरचा सूर घासून ये."

सोमवार, १६ मे

पत्र्याच्या तीन नंबरच्या खोलीत आज कुणी नाही. एकतीसच्या एकतीस मुलं आयांनी आणून रस्त्यापलीकडच्या एका रिकाम्या वर्गात बसवलीत. हे तिथल्याच टेबलावर लिहितेय. मुख्याध्यापक बाहेरून दार ठोठावताहेत. आत पाढे चाललेत.