आर्टिचोकच्या भरवशावर

३ मार्च, सोमवार
कंपनीच्या डॉक्टरांनी आज माझा अपमान केला. कोलेस्टेरॉल जास्त, लिव्हरवर चरबी, ब्लडप्रेशर वर. तळलेलं बंद करा, रोज चाला, गोळी सुरू करा, सगळं एका दमात. चौदा एप्रिलला पुन्हा तपासणी. तेव्हा फेल झालो तर टॉवर क्रेनच्या केबिनमधून थेट जमिनीवर. वीस वर्षं मी वर बसतोय. खाली उभं राहून हुकाला काँक्रीटच्या बादल्या लावणाऱ्या सिग्नलमनला मी मनातल्या मनात 'खालचा' म्हणतो. मी खालचा होणार नाही. गोळीही घेणार नाही.

४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये फोनवर व्हिडिओ पाहिला. आर्टिचोक! कुठलीशी परदेशी भाजी. लिव्हर सुधारतं, कोलेस्टेरॉल उतरतं, पचन सुरळीत, फायबर भरपूर. सांगणारी बाई इतकी तुकतुकीत की शंकेला जागाच नाही. निर्णय झाला. रोज एक. शेवटी ती 'संतुलित आहारासोबत' असं काहीतरी म्हणत होती, पण तेवढ्यात खालच्याने रेडिओवर हाक मारली.

५ मार्च, संध्याकाळी
भाजीवालीने एक हिरवी, खवलेदार, काटेरी वस्तू हातात ठेवली. कसं शिजवायचं ते सांगायला लागली. म्हटलं, कळतं मला. बायकोलाही स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. उकडलं. एक पान तोंडात टाकून चावलं. चावतच राहिलो. बायको दारातून म्हणाली, अहो, पान नुसतं दातांनी खरवडायचं असतं, खरा खायचा भाग तळाशी असतो. तिला म्हटलं, नसती अक्कल पाजळू नकोस. तळ कचऱ्यात टाकण्यासाठी बाजूला ठेवला.

६ मार्च
घसा सोलवटलाय. गुण यायला लागला की आधी असंच होतं.

८ मार्च, शनिवार
चमत्कार. आर्टिचोकनंतर पाणी प्यायलो, तर गोड लागलं! म्हणजे शरीरातली साखर बाहेर पडतेय. बायकोला सांगितलं, तर म्हणे तिलाही पाणी गोड लागलं. म्हटलं, तुझ्यातही साखर असणारच.
तिने आर्टिचोक कधी खाल्लं? विचारायचं राहिलं.

१३ मार्च
आज डब्यात नेलं. मधला केसाळ भागही सोडला नाही. सगळ्यात जास्त फायबर तिथेच असणार. कुसळं घशात अडकली. नेमकी तेव्हाच हुकाला काँक्रीटने भरलेली बादली. ठसका थांबेना. कंट्रोल सोडले, बादली अधांतरी लटकली. रेडिओवर मी नुसता खोकतोय. साइट इंजिनिअर ओरडताहेत. खालचा विचारतोय, दादा, बरे आहात ना, वर येऊ का? शेवटी बादली उतरवली. इंजिनिअर म्हणाले, पुन्हा काम चालू असताना काही खाल्लंत तर तपासणीपर्यंत थांबणार नाही.
खाली उतरलो तर खालचा पाण्याची बाटली घेऊन उभा. घेतली नाही. मग घेतली.

१९ मार्च
मोठा शोध लागला. पान वितळलेल्या लोण्यात बुडवून नुसतं दातांनी खरवडायचं. हे माझं मला सुचलं. लोणी शेवटी लिव्हरकडेच जाणार, आणि तिथे आर्टिचोक आधीच पहाऱ्यावर बसलेलं. मग सोबत तळलेले बटाटे खायलाही हरकत नाही. खाल्ले.
चालणं सोमवारपासून.

२४ मार्च, सोमवार
पाऊस येईल असं वाटलं म्हणून चालायला गेलो नाही. आला नाही. पण तोवर जेवणाची वेळ झाली होती.

२ एप्रिल
बायकोला रंगेहाथ पकडलं. ओट्याशी उभी राहून, मी टाकलेले तळ स्वच्छ करून, लिंबू पिळून खात होती. पहिल्या दिवसापासून! म्हणे, वाया कशाला घालवायचं, आणि फार छान लागतं. एक तुकडा दिला. खरंच छान लागला. या भाजीने अक्षरशः माझ्या तोंडाला पानं पुसली. पण बायकोसमोर माघार कशी घेणार? म्हटलं, मला मऊ पदार्थांची गरज नाही.
पोट ढोलासारखं फुगलंय. पचन जोरात चालू असावं.

९ एप्रिल
पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. टोकाच्या बाजूला. हल्ली चामडं आकसतं.
बायकोने ताटाशेजारी गोळ्यांची पट्टी ठेवली. म्हणाली, मला भीती वाटते हो, तुम्हाला वर एकट्याला काही झालं तर आम्हाला कळणारही नाही. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, माझा आर्टिचोकवर विश्वास आहे, तुझा माझ्यावर नाही. ती उठून गेली. मला काही बरं वाटलं नाही. लोणीसुद्धा कडू लागलं.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी बोलावणं. सगळे आकडे वाढलेत. वजनही. डॉक्टरांना आर्टिचोकचं सविस्तर सांगितलं. म्हणाले, भाजी उत्तमच आहे, पण कशासोबत खाता? लोणी, म्हटलं. किती, म्हणाले. मी हाताने वाटीचा आकार दाखवला. डॉक्टरांनी तेही कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, केबिन बंद. तीन महिन्यांनी बघू.

१५ एप्रिल
चूक भाजीवालीची आहे. जून माल देते. चूक व्हिडिओवालीची आहे. चूक डॉक्टरांची आहे, एवढ्याशा मुदतीत लिव्हर काय करणार?
केबिनमधली उशी आणि स्वेटर आणायला वर गेलो. खुर्चीत थोडा वेळ बसलो. कंट्रोलला हात लावला नाही. रडू आलं. घसा अजून बरा नाही, त्यामुळे असेल.

१६ एप्रिल
बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला. गोळी घेतली.

२१ एप्रिल, सोमवार
जमिनीवरचा पहिला दिवस. खालच्याने हातमोजे दिले आणि हुक कसा लावायचा ते दाखवायला लागला. येतं मला, म्हटलं. येत नव्हतं. वर दुसऱ्या साइटवरचा ऑपरेटर बसलाय. पहिलीच बादली मी वाकडी लावली. त्याने ती उचललीच नाही. रेडिओवर विचारलं, खाली कोणी नवीन माणूस आहे का?
मी हो म्हणालो.