गोळीनं उपास मोडत न्हाई

आक्का,

तुमची धाकटी जाऊ पत्र लिहायला बसली म्हटल्यावर तुम्ही तिकडं हसत असाल. हसा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण आज दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. तुमच्या सुनेचं प्रकरण तुमच्याकडंच आणावं लागतंय.

तुम्ही गेल्यावर तुमची संकष्टी सुमननं धरली. कुणी सांगितलं नव्हतं. नुसती संकष्टी धरली असती तर मी कशाला बोलले असते? तिनं तुमची गोळीसुद्धा धरली.

आठवतं का, कापूस वेचणीत तुमची कंबर धरायची. किराणा दुकानातल्या बरणीतली दुखण्याची गोळी आणायची, कोऱ्या चहासोबत गिळायची, अन् चंद्र निघेपर्यंत पोटात दुसरं काही नाही. मी म्हणायचे, "आक्का, आधी भगर तरी खा." तर तुमचं ठरलेलं, "गोळीनं काय उपास मोडतो व्हय गं? गोळी काय अन्न हाय?" इतर दिवशीही सकाळी उपाशीपोटी तीच गोळी, वर दुपारी आणखी एक. वेचायला आलेल्या बायांनाही वाटायच्या, पानसुपारी वाटावी तशा.

पोटात आग पडते हे सांगितलंत. परसाकडं काळं होतंय हे मात्र लय उशिरा सांगितलंत, तेही हसत. "कोरा चहा पिऊन पिऊन काळं होतंय गं." असं कुठं असतं का आक्का? रक्ताची उलटी झाली तेव्हा तुम्हाला परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाला, उपाशीपोटी या गोळ्या खाऊन खाऊन आत जखम झाली. काळं होत होतं ते रक्तच. तुम्ही काही परत आला नाहीत.

काल संकष्टी होती. सुमन बांधावर पोट धरून बसलेली. मी सरळ विचारलं, "परसाकडं काळं होतंय का?"

"काय बी इचारायलाव काकू."

"होतंय का, ते सांग."

ती मान खाली घालून हातातलं बोंड सोलत बसली. मला कळायचं ते कळलं. "ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"चंद्र निघू द्या. आत्याबाईंचं व्रत हाय. माझ्या हातनं मोडलं तर त्यांना काय वाटंल?"

तुम्हाला काय वाटंल ते मला काय माहीत? गेलेल्या माणसाचं मन राखता राखता घरातलं जितं माणूस जायला लागलं. मी थकले आक्का. भांडायचं त्राण राहिलं नाही, म्हणून खोटं बोलले. "आक्का पहाटं सपनात आल्त्या. म्हणल्या, सुमनला म्हणावं उपास सोड, माझं व्रत भरून पावलं."

मला स्वप्नं पडत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. पण पोरगी रडली अन् उठली. दुपारची एसटी सापडली.

डॉक्टर म्हणतो, वेळेवर आणलं. ठेवून घेतलंय. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हे लिहितेय.

खोटं बोलल्याचा राग आला असंल तर माझ्या स्वप्नात या, तिच्या नको. संकष्टी आता मी धरीन, पण भगर खाऊन. डॉक्टरला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, तिलाही नाही अन् मलाही नाही. कंबर दुखली तर मी खाली बसेन. कापूस राहिला तर राहील.

तुमची,
कौसल्या