माझ्या खोलीची ओली भिंत

३ मार्च

घर विकायचं ठरलं म्हणे. मला कुणी विचारलंच नाही! चिरंजीव म्हणाले, नव्या इमारतीत लिफ्ट आहे, आई. मी काय लिफ्टमध्ये राहू?

एजंटने आधी सगळं घर रंगवायला सांगितलंय. एकही भिंत ओली असेपर्यंत तो गिऱ्हाईक आणणार नाही. लोक हात लावून बघतात, डाग पडतो, मग भाव पाडून मागतात.

५ मार्च

माझी खोली शेवटची. रंगारी म्हणाला, हाताला तासाभरात कोरडी लागेल, आतून पुरती सुकायला महिना जाईल. पलंगामागच्या भिंतीवर ह्यांच्या डोक्याचा तेलकट गोल डाग होता. तिथेच टेकून पेपर वाचायचे, मला मोठ्याने सगळ्या बातम्या सांगायचे. रंगाचे दोन हात मारले, तरी संध्याकाळी डाग हळूच वर आला. इतकं बरं वाटलं!

उरलेला डबा आणि ब्रश मी मागून घेतला.

६ मार्च

एजंटचा फोन — सुकलं का? खोटं बोलणं मला जमत नाही. शाळेतल्या सिस्टरनी ती सवय लागूच दिली नाही. म्हणून आधी डागावर ब्रश फिरवला, मग सांगितलं. ओली आहे.

७ मार्च

आजही ओली.

१० मार्च

जेवताना चिरंजीव भडकले. "आई, ती भिंत आहे का विहीर?" परवा सकाळी गिऱ्हाईक येणार, आणि त्याआधी चिरंजीव स्वतः हात लावून बघणार. बघू दे! मी पहाटेच उठेन.

सूनबाई ताटात बघत राहिली. ती कधी कुणाची बाजू घेत नाही. तिलाही नवी जागा हवी असणार.

११ मार्च

अंगात ताप. रंगाच्या वासाने खोकला येतो म्हणून सूनबाईने मला बाहेर दिवाणावर झोपवलंय. उद्या काही झालं तरी उठायचं.

१२ मार्च

उठलेच नाही. जाग आली ती एजंटच्या आवाजाने. संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात चिरंजीव माझ्या खोलीतून बोट पुसत बाहेर आले. "ओलीच आहे अजून," म्हणाले. गिऱ्हाईक दारातूनच परतलं.

मी तर ब्रशला हातही लावला नव्हता.

कामावर निघताना सूनबाई माझं पांघरूण सारखं करायला वाकली. तिच्या कोपराला रंग लागला होता. हळूच म्हणाली, "आई, डबा संपलाय. येताना दुसरा आणते."