बुरुजावर हात वर करू नये

८ जानेवारी
नाटे गाव सोडून पुढे, खाडीच्या तोंडावरच्या वाडीत आज पोहोचलो. काम मजेचं आहे. इथल्या छोट्या गडासाठी माहितीफलकाचा मजकूर लिहायचा आणि फलक उभा करून घ्यायचा. उतरलोय हिराकाकूंकडे. त्या मासे विकतात, म्हणजे माझ्या पोटाची चैन. दुपारी बांगड्याचं तिखलं चापलं आणि ताणून दिली.

९ जानेवारी
कंपनी सरकारच्या फौजेनं हा मुलूख घेतला तेव्हा गडावरची सगळी माणसं मेली. कशी, यावर अजून वाद. कंपनीचे कागद म्हणतात, लढताना. वाडी म्हणते, शरण आल्यावर. म्हणून बुरुजावर कुणी दोन्ही हात वर करत नाही, आळससुद्धा एका हाताने देतात. मला हसू आवरेना. मी लिहिलं, 'लढता लढता पडले.' वाचायला भारदस्त वाटतं. काकूंचा चेहरा उतरला. "हात वर केलेनी होते त्यांनी बाळा," एवढंच म्हणाल्या, "तरी गोळ्या घातलेनी."

११ जानेवारी
बुरुजावर फलक चढवला. वरचा नट आवळायला दोन्ही हात वर केले ते तिथेच राहिले. भर उन्हात. मदतीला आलेला वाडीतला गंगाराम अक्षरशः लोंबकळला तेव्हा कुठे खाली आले. मग त्याने फलक वाचला आणि नट आवळायचे पाने तिथेच टाकून निघून गेला. उन्हाने माझे स्नायू धरले असतील.

१२ जानेवारी
जेवताना हात वर गेले, ताट उडालं. समोर भिंत होती, मला बंदुकांची रांग दिसली. जळक्या दारूगोळ्याचा वास— तो काकूंनाही आला.

१३ जानेवारी
काकूंनी देवाला गाऱ्हाणं घातलं. मी ती ओळ खरवडून 'शरण आल्यावर मारले' असं लिहिलं. नाक घासलं, रडलो. वाटलं सुटलो.
संध्याकाळी परत. रांग जवळ आलीय. फार भीती वाटते.

१४ जानेवारी
डावा हात वर. काकू त्याला लटकून रडताहेत. उजवा लिहितोय तोवर खाली राहतो— काकू म्हणतात थांबू नको, काहीही लिही— मी विनोद, पुण्याचा, मला जगायचंय— शरण आहे म्हणून ओरडलो, त्यांनी ऐकलं— ऐकलं तरी बंदुका खांद्याला— झाडत नाहीत अजून— दुसरा हात वर व्हायची वाट बघताहेत— बोटं सैल— काकू धरा, पेन सुट—