रहिमतपूरची कावीळ

सांगली,
सोमवार, दुपार

प्रिय अमृत,

हे पत्र तानाजीमामांच्या हाती देतेय, त्यांचा टेम्पो संध्याकाळी दहिवडीला पोचेल. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तरी माझी जीभ वळणार नाही, म्हणून कागद. चिडून फाडायचाच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

सकाळी तुझ्या संयोगिताचा फोन आला होता. पाच दिवस तू खोलीबाहेर आला नाहीस आणि काल पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालास, "माझ्यामागं हिला शिकवा." फवारणीच्या औषधाचा कॅन तिनं शेजारी लालासाहेबांकडे नेऊन ठेवला तो माझ्या सांगण्यावरून. तुला एकट्याला सोडू नका, हेही मीच सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस, काय बोलायचं ते मला बोल.

तुझा राग डॉक्टरांवर आहे. दिवाळीनंतर तू असंच अंथरूण धरलंस, मेंढरांकडेही बघेनास, तेव्हा मी तुला ओढून इथं सांगलीला आणलं. डॉक्टरांनी उदासीचा आजार म्हणून गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात तू उठलास तो उठलासच. झोप नाही, बोलणं थांबेना, आणि शिंगणापूरच्या घाटात पोरीला पुढं बसवून गाडी अशी पळवलीस की तिचा हात मोडला. तेव्हापासून गोळ्या बंद. "डॉक्टरनंच मला येडा केला," म्हणतोस. अरे, डॉक्टरांना काय स्वप्न पडतं? जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. सांगणारी मी होते.

त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. पहिला असा, की याआधी कधी हा न झोपता, न दमता, नको इतक्या जोरात होता का? मला तो उन्हाळा आठवला. पाणी अडवायला अख्खं गाव डोंगरावर चर खणत होतं. बाकीचे दोन-तीन तास खणून घरी जायचे, तू वीस दिवस टिकाव खाली ठेवला नाहीस. हाताचे फोड फुटून दांडा लाल झाला, तरी हसत होतास, सगळ्या माण तालुक्याचं पाणी मी एकटा अडवतो म्हणत होतास. आई येईल त्याला सांगायची, "माझ्या लेकराला कामाची लय वढ हाय, झोपत बी न्हाई." गावानं तुला शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो फ्रेम करून मी माझ्या बाहेरच्या खोलीत लावलाय. मग डॉक्टरांना मी काय सांगणार? म्हटलं, छे, तेच तर याचे चांगले दिवस होते. अर्धा आजार आम्ही भिंतीवर टांगून मिरवत होतो, ही आमची अक्कल.

तो झाला अडाणीपणा. दुसऱ्या प्रश्नाला ती सबब नाही. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी तुझ्यादेखत नाही म्हणाले.

मी साताऱ्याला डी.एड. करत असताना मला कावीळ झाली होती आणि दोन महिने रहिमतपूरला मावशीकडे होते, आठवतं? काविळीला उसाचा रस चांगला म्हणून तू एसटीतून उसाची मोळी घेऊन आलास. मावशीनं दारातूनच परत पाठवलं, "झोपलीया ती, पुन्यांदा ये." तू ऊस उंबऱ्यापाशी ठेवून गेलास. अमृत, मी त्या घरात नव्हतेच. मला कावीळ झाली नव्हती.

मी साताऱ्यात दवाखान्यात होते. वसतिगृहात चार दिवस डोळा न मिटता सगळ्या मुलींच्या पाठांची टाचणं लिहीत सुटले होते, पुढं तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडले. बायपोलर म्हणतात त्याला. तेव्हापासून रोज लिथियमची गोळी घेते, ठरलेल्या वेळी रक्त तपासते आणि घरात थायरॉईड म्हणून सांगते. लग्न मोडेल म्हणून आईनं तोंड शिवायला लावलं, पुढं मला सवयच झाली. त्या दिवशी नाही म्हणाले ते ह्यांच्या भीतीनं, ते बाकावर शेजारीच बसले होते. एकट्या उदासीच्या गोळ्यांनी आमच्यासारखं माणूस कधी कधी उलट वर चढतं, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तरी मी गप्प बसले आणि पोरीचा हात मोडला. मला माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही. आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. न जेवता मार्केटला गेले, अजून फोन नाही. जे व्हायचं ते होवो. उद्या सकाळी पहिल्या एसटीनं मी येतेय, माझी फाईल घेऊन. तुझं दुखणं माझ्यासारखंच आहे का ते डॉक्टर ठरवतील, पण मी अकरा वर्षं उभी आहे, पोरं वाढवलीत, हे तर तू बघतोयस. डॉक्टरांना आत्ताच फोन केला, उद्या लगेच आणा म्हणाले. ते तोच घरातल्यांचा प्रश्न पुन्हा विचारतील. तू काही बोलू नकोस, नुसता माझ्याशेजारी बस. आणि उद्या दार वाजलं की मला उंबऱ्यातून परत पाठवू नकोस.

तुझीच,
अपेक्षाताई